अक्काच्या रानातला टारफुला

मी रानफुलांचे फोटो काढतो. गेली काही वर्षं रविवारची सकाळ याच कामात जाते. फूल तोडायचं नाही, त्याला हात लावायचा नाही, आड येणारं गवत बोटानं हळूच बाजूला धरायचं आणि फोटो झाला की परत सोडून द्यायचं, असं मी स्वतःला घालून घेतलेलं आहे. इतक्या फोटोंमध्ये एकाच फुलाला माणसाचा हात लागलेला दिसतो. तो हात माझ्या मोठ्या बहिणीचा, अक्काचा आहे. तो फोटो कसा निघाला ते लिहितो आहे.

सोलापुरात कसली आलीत रानफुलं, असं ऑफिसातले लोक विचारतात. त्यांचं चुकत नाही. घाटमाथ्यावर फुलांचे गालिचे पसरतात, तिथं लोक बस करून जातात. आमच्याकडं मुरमाड माळ, कुसळी गवत, बाभळी आणि मधून रेल्वेचा रूळ. फुलं आहेत, पण बारीक आहेत. ती उभ्यानं दिसत नाहीत, गुडघे टेकावे लागतात. भवानी पेठेतल्या घरातून मोटरसायकलवर निघायचं, अर्ध्यापाऊण तासात गाव मागं पडतं, मग जिथं नांगर फिरलेला नाही अशी जागा शोधायची. बांध, ओढ्याचा काठ, स्मशानाची कड, रुळाच्या कडेची पडीक पट्टी.

इथलं फुलांचं वर्ष भर उन्हाळ्यात सुरू होतं. होटगीच्या बाजूला मे महिन्यात कोळकांद्याचा एकटाच दांडा जमिनीतून वर येतो. पान नाही, आजूबाजूला हिरवं काही नाही, नुसता काठीसारखा दांडा आणि त्यावर संध्याकाळी उघडणारी मळकट पांढरी फुलं. मी तिथं पालथा पडलो होतो, तेव्हा रुळाकडून येणारा एक माणूस थांबला आणि म्हणाला, "काय पडलंय व्हय? हुडकू लागू का?" मी फूल दाखवलं. त्यानं वाकून बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि "बरं बरं, चालू द्या" म्हणून निघून गेला. आजारी माणसाशी बोलतात तसा त्याचा आवाज होता.

पावसाळ्यात विष्णुक्रांता. नखाएवढं निळं फूल, दुपार झाली की मिटतं. आळस केला तर रविवार फुकट जातो. केना त्याच रंगाचा, पण ओलीच्या कडेला. भाद्रपदात तरवड पिवळा होतो आणि कुर्डूचे गुलाबी तुरे पिकातून वर डोकावायला लागतात. थंडी पडली की उंटकटाऱ्याचे काटेरी निळसर गोळे. मग पिवळा धोतरा, मग भुईरिंगणी, आणि पुन्हा तोच बोडका माळ. असं वर्ष फिरतं. या सगळ्यांचे फोटो माझ्याकडं होते. नव्हता तो टारफुल्याचा.

टारफुला ज्वारीच्या मुळावर जगतो. वर वीतभर नाजूक झाड, पांढरी शुभ्र फुलं, आणि खाली त्याची मुळं ज्वारीच्या मुळाला चिकटलेली. ज्वारी खुरटते, ओल असूनही सुकल्यासारखी दिसते, कणीस भरत नाही. त्याचं बी धुळीइतकं बारीक असतं. ते वर्षानुवर्षं मातीत गप पडून राहतं आणि ज्वारीचं मूळ जवळ आलं की जागं होतं. म्हणून टारफुला फुलायच्या आत उपटायचा असतो. हे मी पुस्तकात वाचलेलं नाही. आमच्या घरी शेती होती. लहानपणी अक्काच्या शेजारी ओळीत बसून मीही तो उपटला आहे. तेव्हा मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही.

अक्का मंगळवेढ्याकडं दिलेली. तिच्या सासरचं रान काळं, खोल, चांगलं आहे. तिथं टारफुल्याचा त्रास नाही. पण ओढ्याच्या बाजूला एक हलका तुकडा आहे. ती लग्न होऊन आली तेव्हा तो पडच होता. तिनं तो हातानं दगड वेचून रानात आणला. ते दगड अजून बांधावर रचलेले आहेत. घरात त्याला कुणी दुसऱ्या नावानं ओळखत नाही, अक्काचा तुकडा म्हणतात. त्यातली ज्वारी घरी खायला असते आणि त्यातलंच एक पोतं दरवर्षी सोलापूरला माझ्याकडं येतं.

"ह्या तुकड्याची भाकरी गोड लागती," अक्का म्हणते.

"तुझ्या घामाची हाय न्हवं?" दाजी म्हणतात. "मग खारट लागाय पायजे की."

दाजींना माझ्या फोटोंची पहिल्यापासून गंमत वाटते. मी बांधावर गुडघे टेकले की ते मुद्दाम जवळ येऊन उभे राहतात. "पाव्हणं, त्या बाभळीचा बी एक काढा. लई दिस झालं, तिला कुणी इचारलंच न्हाय." मी हसतो आणि फोटो काढत राहतो.

तीन हिवाळ्यांपूर्वीची गोष्ट. मी गेलो तेव्हा अक्का तुकड्यातच होती. ज्वारी गुडघ्याच्या वर आलेली, आणि ती ओळीतून वाकून टारफुला उपटत चाललेली. थोडाच होता. दरवर्षी थोडा असायचा आणि ती त्याला कधी फुलू द्यायची नाही. एका ठिकाणी सात-आठ रोपं एकत्र होती, कळ्यांवर आलेली. तिनं हात घातला, तेवढ्यात मी म्हणालो, "अक्का, एवढी ठेव की."

"कशाला?"

"फुललेला पाहिजे. माझ्याकडं याचा एकही फोटो नाही."

"अरं, टारफुला हाय त्यो. मोगरा न्हाय."

"माहीत आहे गं. फोटो झाला की मीच उपटतो."

दाजी बांधावर बसले होते. ते म्हणाले, "ठेव की. भाऊबीजंला साडी आणलीया त्यानं. टारफुल्यावर भागतंय तर भागव."

अक्का हसली नाही. तिनं रोपांवरचा हात मागं घेतला. मग म्हणाली, "पुढच्या ऐतवारी येतूस?"

"येतो."

"नक्की ये. ह्याला फूल आलं की बोंड धराय लई येळ लागत न्हाय."

मी नक्की म्हणालो. तिनं भाकरी बांधून आणलेल्या फडक्याची कड फाडली, तुऱ्हाट्याच्या काड्यांना चिंध्या बांधल्या आणि त्या रोपांच्या चारी बाजूंनी रोवल्या. कुणी चुकून उपटू नये म्हणून. टारफुल्याला कुंपण घालणारी बाई मी त्याआधी बघितली नव्हती, नंतरही बघितलेली नाही.

त्याच आठवड्यात फोटो काढणाऱ्या आमच्या मंडळींच्या ग्रुपवर निरोप आला. पुण्याहून एक नावाजलेले छायाचित्रकार येणार होते, रविवारी सगळ्यांनी मिळून शहराच्या दुसऱ्या बाजूच्या गवताळ माळावर जायचं होतं. मी लगेच हो म्हणून टाकलं. शनिवारी अक्काला फोन केला आणि ऑफिसचं काम निघालंय म्हणून सांगितलं. खरं सांगितलं असतं तरी ती रागावली नसती. तरी मी खोटं बोललो. इतक्या सहज बोललो की बोलून झाल्यावर मला त्याचं काही वाटलंही नाही.

"बरं," ती म्हणाली. "काम बघ आदी."

त्या रविवारी मला उंटकटाऱ्याचा चांगला फोटो मिळाला, गोळ्यावर माशी बसलेली. पुढच्या रविवारी एक लग्न होतं. त्याच्या पुढच्या रविवारी थंडी होती आणि मी उठलो नाही. या दिवसांत मला ती रोपं आठवत नव्हती असं नाही. आठवली की मी स्वतःला सांगायचो, अक्का काही एवढी भोळी नाही, तिनं कधीच उपटून टाकली असतील. एक फोन केला असता तर कळलं असतं. केला नाही, कारण तिनं ती ठेवली असतील हे मला माहीत होतं.

मी गेलो तेव्हा काड्या जागेवर होत्या. चिंध्या उन्हानं विटल्या होत्या. टारफुला खालून वर फुलत जातो. शेंड्याला अजून ताजी पांढरी फुलं होती, आणि खालची बोंडं वाळून उकलली होती. मी ते बघितलं आणि कॅमेरा काढला. सकाळचं तिरपं ऊन, मागं ज्वारीची गडद पानं. मी बराच वेळ काढत राहिलो. अक्का एक पोतं घेऊन मागं उभी होती.

"झालं का? उपटू आता?"

तिनं एकेका रोपाखाली पोतं सारलं, जपून उपटलं, गुंडाळून बांधाबाहेर नेलं आणि जाळलं. तिनं जे करायचं ते सगळं केलं, पण वारा त्याआधीच येऊन गेला होता. त्या फोटोचं मंडळींत खूप कौतुक झालं. पुण्याच्या त्या छायाचित्रकारांनीही मुद्दाम शाबासकी कळवली. मी तो मोठा करून घरात लावला.

पुढच्या हिवाळ्यात तुकडा मधोमध पिवळा पडला. अक्कानं फोनवर काही सांगितलं नव्हतं. मी गेलो तेव्हा दिसलं. काड्या होत्या त्या जागेपासून पूर्वेकडं, वारा जातो त्या दिशेनं, ज्वारी बसल्यासारखी झाली होती आणि तिच्या बुडाशी जिकडंतिकडं टारफुला. अक्का आणि दोन बायका उपटत होत्या. एका बाजूचा उपटून होईस्तोवर दुसऱ्या बाजूचा फुलत होता.

"बैलांच्या पायानं आलं असंल," अक्का म्हणाली. "न्हायतर वरच्या उसातनं. तितं लई माजलाय."

मी म्हणालो, "असेल."

दाजी तिथंच होते. त्या दिवशी त्यांनी बाभळीचं नाव काढलं नाही.

मला सगळ्यात जास्त छळतो तो हा शब्द, असेल. रोपं ठेव म्हणणं हा हट्ट होता, न जाणं हा आळस होता. पण तिनं माझ्यासाठी एक वाट उघडी ठेवली आणि मी मुकाट्यानं तिच्यातून बाहेर पडलो. घरी येऊन मी भिंतीवरचा फोटो काढून कपाटामागं ठेवला. बायकोनं विचारलं तेव्हा काच फुटली म्हणून सांगितलं. तेही खोटंच.

त्या वर्षी ज्वारीचं पोतं नेहमीसारखं भरून आलं. मला बरं वाटलं. वाटलं, दिसलं तेवढं नुकसान झालेलं नसावं. पुढं उन्हाळ्यात दाजी डोळे तपासायला सोलापूरला आले, तेव्हा चहा पिताना मी तसं बोललो. त्यांनी बशी खाली ठेवली.

"ती काळ्या रानाची हुती," ते म्हणाले. "तुकड्यात काय न्हाय. नुसता कडबा. त्यो बी आखूड. तिनं सांगू नगा म्हणलंवतं."

मग म्हणाले, "आता त्यो तुकडा पड टाकायचा म्हणतुया मी. तिला पटंना. म्हणती, अजून एक साल बघू. काय बघायचंय त्यात? दगडं येचायचं वय हाय व्हय तिचं आता?"

त्यांनी मला दोष दिला नाही. घरी जाताना फक्त एवढंच म्हणाले, "पाव्हणं, या हिवाळ्यात जरा येत जावा."

आणि मी जात राहिलो. गेल्या हिवाळ्यात अक्कानं तुकड्यात पुन्हा ज्वारी पेरली. कोंब वर आल्यापासून मी रविवार चुकवला नाही. कॅमेरा घरी ठेवायचो. सकाळच्या एसटीनं जायचो, अक्काबरोबर ओळ धरायचो, संध्याकाळी परत. त्या हिवाळ्यात माळावर काय फुललं ते मला माहीत नाही. पहिल्या दिवशी दाजी म्हणाले, "ह्यांच्या हातात आज काचंचं डबडं न्हाय. वळखूच आलं न्हाईत." सोबत उपटणाऱ्या बायका हसल्या. मलाही बरं वाटलं, ते परत बोलायला लागले होते.

उपटताना बोलायला वेळ असतो, आणि एकमेकांची तोंडं दिसत नाहीत. एका रविवारी बाकीच्या बायका बांधावर जेवायला गेल्या आणि आम्ही दोघंच ओळीत राहिलो. मी म्हणालो, "अक्का, त्या ऐतवारी मला ऑफिसचं काम नव्हतं."

"कुठल्या?"

"तू काड्या लावल्यास, त्याच्या पुढच्या."

तिचे हात चालूच होते. "ठावं हाय की," ती म्हणाली.

"कसं?"

"तू त्या काटंवाल्या फुलाचा फोटू ठेवलावतास न्हवं मोबाइलवर. स्टेटसला. माशी बसलेली. मी दुपारीच बघितला. पोरीनं मोबाइल घेऊन दिला तवापासनं तुझी समदी फुलं बघती मी."

मी खाली बसलो. त्या दिवशी माळावरून परत यायच्या आधीच मी तो फोटो स्टेटसला टाकला होता, आणि कोणी कोणी बघितला ते दाखवणारी यादीही उघडून बघितली होती. फक्त त्यातलं अक्काचं नाव मला दिसलं नव्हतं. मी मंडळींची नावं शोधत होतो.

"मग तेव्हाच उपटून का नाही टाकलास?" मी विचारलं.

"तुला ठेवती म्हणलंवतं."

"पण मी आलो नाही ना."

"म्हणलं, पुढच्या ऐतवारी येशील." ती दोन पावलं पुढं सरकली. "ऊठ. ओळ ऱ्हायली तुझी."

मी उठलो. बरं वाटलं असं म्हणता येणार नाही. ओळीच्या शेवटाला, खाली लोळलेल्या ज्वारीच्या एका ताटाआड मला टारफुला दिसला. आमच्या सगळ्यांच्या नजरेतून सुटलेला. शेंड्याला तीन फुलं उघडलेली, बोंड अजून एकही धरलेलं नव्हतं. मी उपटायला वाकलो.

"थांब," अक्का मागून म्हणाली. "फोटू काढ की आदी."

"कॅमेरा आणला नाही."

"मोबाइल हाय न्हवं? त्याच्यावरच तर ठेवतूस."

मी मोबाइल खिशातच ठेवला. तेव्हा तिनं स्वतः खुरप्यानं बाजूची माती सैल केली आणि झाड मुळासकट वर उचललं. त्याच्याबरोबर ज्वारीच्या मुळाचा एक तुकडाही आला, टारफुल्याला चिकटलेला. तिनं ते तळहातावर आडवं धरलं. तिच्या बोटांच्या चिरांत माती होती. फुलं पांढरीच होती. मी मोबाइल काढला आणि एकच फोटो घेतला.

"ठेव आता स्टेटसला."

"काय लिहू?"

"लिव्ह, हापिसात काम हुतं."

बांधावरून दाजींनी विचारलं, "काय गं, हसायला काय झालं?"

"काय न्हाय. भावाचं काम निघालंय."

तो फोटो मी स्टेटसला ठेवला नाही. तो कुणालाही पाठवलेला नाही. आधीचा, शाबासकी मिळालेला फोटो अजून कपाटामागं आहे. काच फुटलेली नाही हे बायकोला अजून सांगायचं राहिलं आहे.

आमच्या उपटण्यानं तुकड्यातला टारफुला फुलू दिला नाही, पण ज्वारी वाचली असं म्हणता येणार नाही. कणसं अर्धी भरली. काढणी झाल्यावर अक्कानंच ठरवलं. पड टाकायचा नाही, पण काही वर्षं इथं ज्वारीही पेरायची नाही. करडई, तूर असं काहीतरी घ्यायचं. ज्वारीचं मूळ मिळालं नाही तर टारफुल्याला उठता येत नाही. दाजी म्हणाले, "तुझा तुकडा, तुझा कारभार." पड टाकायचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही.

या हिवाळ्यात तुकड्यात करडई आहे. मागच्या रविवारी मी कॅमेरा घेऊन गेलो होतो. अक्कानंच आणायला सांगितलं होतं. पिवळी फुलं शेंदरी व्हायला लागली आहेत. ती रानफुलं नाहीत, तरी मी काढली. पँटीला काटे लागले. अक्का बांधावरच्या दगडांवर बसून बघत होती. मी सवयीनं खाली वाकून झाडांच्या बुडाशी बघितलं. काही नव्हतं. नसणारच होतं. खाली अजून किती बी पडून आहे ते इथं परत ज्वारी पेरल्याशिवाय कुणालाच कळणार नाही.

"कधी पेरशील परत?" मी विचारलं.

"बघू. चार सालांनी," ती म्हणाली. "तवा ये म्हंजे झालं."